एआर चष्म्याचं चित्र फिकट, एक बाजू गुलाबी आणि गरम झालं की निळसर: एलईडीचा करंट वाढवण्याआधी काय तपासायचं

एआर चष्मा म्हणजे समोरच्या दृश्यावर चित्र चढवणारा चष्मा, आणि त्याचं हे दुखणं नेहमीचंच आहे. एलकॉस पॅनल (आरशावर लिक्विड क्रिस्टलचा थर असलेली चिमुकली स्क्रीन), लाल-हिरवा-निळा एलईडी, एक पीबीएस क्यूब (कंपनाच्या दिशेप्रमाणे प्रकाश दोन वाटांनी वेगळा करणारा ठोकळा) आणि पुढे वेव्हगाइड (चित्र डोळ्यासमोर नेणारी काच) असं लाइट इंजिन जोडलं, टेबलावर दिवे घालवून बघितलं तर चित्र एकदम झकास, सगळे खूश, आणि मग कोणीतरी तोच चष्मा घालून दुपारी गॅलरीत गेलं की चित्र गायब. परत आत येऊन नीट बघितलं तर पांढऱ्या स्क्रीनची एक बाजू गुलाबी, दुसरी हिरवट, काळ्या जागी राखाडी चौकोन तरंगतोय, आणि दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवलं की पांढरा हळूहळू निळसर व्हायला लागतो. मग जो तो एकच उपाय करतो, करंट वाढव. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, मग चष्म्याची दांडी कानशिलाला गरम लागायला लागते, बॅटरी बसते आणि निळसरपणा होता त्याहून वाढतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बहुतेक वेळा एलईडी प्रकाश कमी देत नसतो, दिलेला प्रकाश वाटेत सांडत असतो, आणि कुठे सांडतोय ते कळेपर्यंत करंटला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एक खुलासा आधीच. हे सगळं एलकॉसवाल्यांसाठी, म्हणजे ज्या पॅनलला स्वतःचा उजेड नसतो आणि बाहेरून पोलराइज्ड (एकाच दिशेत कंप पावणारा) प्रकाश द्यावा लागतो त्यांच्यासाठी. गूगल ग्लास, २०१६ चा पहिला होलोलेन्स, २०२२ चा मॅजिक लीप २, २०२५ चा मेटाचा रे-बॅन डिस्प्ले, हे सगळे याच जातीचे. २०१९ च्या होलोलेन्स २ मध्ये लेझरचा किरण आरशाने फिरवला जातो आणि मेटाच्या ओरायनमध्ये मायक्रोएलईडी आहेत, तिथे वेगळं इल्युमिनेशन नसतंच, त्यांची दुखणी वेगळी.

सगळ्यात आधी दोष कुठल्या खोलीत आहे ते ठरवा. पूर्ण पांढरी स्क्रीन लावा, एका डोळ्याने बघा आणि चष्मा दोन-तीन मिलिमीटर डावीकडे-उजवीकडे सरकवा. गुलाबी डाग चित्रात आहे तिथेच राहिला तर पॅनलवर पडणारा प्रकाशच असमान आहे. डाग सरकला किंवा त्याचा रंग बदलला तर गडबड प्युपिलमध्ये (प्रोजेक्टरमधून प्रकाश बाहेर पडतो त्या छोट्या वर्तुळात) किंवा वेव्हगाइडमध्ये आहे. या दोघांतलं कोण ते बघायला वेव्हगाइड काढून ठेवा आणि प्रोजेक्टर सरळ दोन-तीन मीटरवरच्या भिंतीवर टाका. आणि इथे फसायला होतं बरं का, कारण भिंतीवर सगळं प्युपिल एकत्र मिसळतं त्यामुळे चित्र सारखंच दिसतं आणि माणूस वेव्हगाइड देणाऱ्याशी भांडायला जातो. काळ्या कागदाला साधारण एक मिलिमीटरचं भोक पाडा, ते प्रोजेक्टरच्या लेन्ससमोर जिथून प्रकाश बाहेर पडतो तिथे धरा आणि सरकवा. भोक सरकवल्यावर भिंतीवरच्या पांढऱ्याचा रंग बदलत असेल तर वेव्हगाइड बिचारं निर्दोष आहे, तुमचं प्युपिलच रंगांनी वाटलं गेलंय.

असं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे एकाच पॅकेजमध्ये शेजारी-शेजारी बसवलेल्या तीन चिप्स. जागा वाचते म्हणून सगळ्यांना ते पॅकेज आवडतं, पण समोर नुसती एक कोलिमेटिंग (किरण समांतर करणारी) लेन्स टाकली की चिप्सची प्रतिमा जशीच्या तशी प्युपिलवर पडते, लाल एका बाजूला, निळा दुसऱ्या बाजूला, आणि मग डोळा जरा हलला की रंग बदलला. उपाय दोन. एक, तिन्ही चिप्स वेगळ्या ठेवून डायक्रोइक आरशांनी (एक रंग परतवून दुसरा आरपार सोडणाऱ्या) एकाच अक्षावर आणायच्या, हे उत्तम पण जागा खातं. दोन, मध्ये फ्लाय-आय लेन्सची जाळी टाकायची, म्हणजे प्रत्येक छोटी लेन्स पूर्ण पॅनल उजळते आणि सगळ्यांची सरासरी होते. मात्र फ्लाय-आयला किती कोनातला प्रकाश झेपतो याचं साधं गणित आहे ते करून घ्या. छोट्या लेन्सची रुंदी ०.४ मिलिमीटर आणि फोकल लांबी १ मिलिमीटर असेल तर ०.२ चा टॅन, म्हणजे सुमारे ११ अंश, त्यापलीकडचा प्रकाश शेजारच्या लेन्समध्ये घुसतो आणि पॅनलच्या बाजूला दुसरा धूसर चौकोन तयार करतो. पॅनल काढून तिथे पांढरा कागद लावा, मुख्य चौकोनाच्या शेजारी असे भुताटकी चौकोन दिसले तर तुमचा प्रकाश तिथे वाया जातोय, आणि तोच इकडेतिकडे आपटून पुढे काळ्या भागात राखाडी बनून येतो. चिप्स अक्षापासून फार लांब असतील तर हे होणारच.

आता मुख्य मुद्दा, एटेंड्यू. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. प्रकाश किती जागेतून आणि किती कोनात निघतो याचा तो हिशोब, आणि लेन्स कितीही भारी घेतली तरी तो कमी करता येत नाही. सपाट चिपसाठी क्षेत्रफळ गुणिले पाय (π, म्हणजे ३.१४). १ × १ मिलिमीटरची चिप म्हणजे ३.१४. आता पॅनल बघा, ०.१८ इंच कर्णाचं १६:९ पॅनल घेतलं तर साधारण ४ × २.२४ मिलिमीटर, क्षेत्रफळ ९ च्या आसपास. प्रोजेक्टर लेन्स एफ/२.२ म्हणजे अर्धा कोन १३ अंश, साइनचा वर्ग ०.०५. क्षेत्रफळ, पाय आणि हा वर्ग यांचा गुणाकार केला की १.४ येतो. म्हणजे चिपमधून येतो ३.१४ आणि पॅनल घेऊ शकतं १.४. पावशेराच्या भांड्यात शेरभर दूध ओतलं तर जे होईल तेच. निम्म्याहून जास्त प्रकाश कुठेही न वापरता बाहेर जातो, उष्णता बनतो, आणि त्याची वीज तुम्ही भरताय. अशा वेळी मोठा एलईडी लावणं हा उपाय नसून तेच दुखणं आहे, कारण पॅनलला उपयोगी पडते ती ल्युमिनन्स, म्हणजे चिपच्या दर चौरस मिलिमीटरला किती प्रकाश आहे ते, एकूण ल्युमेन नाही. ०.५ × ०.५ ची छोटी चिप घेतली तर एटेंड्यू ०.७९, सगळा प्रकाश आत बसतो आणि वर जागाही उरते.

ती उरलेली जागा कशाला लागते? एलईडीचा प्रकाश पोलराइज्ड नसतो, पोलरायझरने सरळ अर्धा कापला जातो. तो अर्धा परत वळवून, फिरवून वापरात आणणं म्हणजे पोलरायझेशन रिसायकलिंग, आणि त्याची किंमत म्हणजे एटेंड्यू दुप्पट. छोट्या चिपला ०.७९ चे १.५७ होतात, पॅनलच्या १.४ च्या अगदी जवळ, म्हणजे बराचसा फायदा पदरात पडतो. १ × १ च्या चिपला ३.१४ चे ६.२८ होतात, तिथे रिसायकलिंगची महागडी फिल्म लावून जवळपास काहीच मिळत नाही, आणि मग लोक म्हणतात फिल्म बोगस आहे. फिल्म बरोबर आहे हो, भांडं आधीच भरलंय.

याच हिशोबातला एक छुपा चोर म्हणजे एलईडीवरचा पारदर्शक घुमट. १.५ अपवर्तनांकाच्या सिलिकोनचा घुमट असला की चिप बाहेरून दीडपट मोठी दिसते आणि एटेंड्यू २.२५ पट होतो. डेटाशीटवर ल्युमेनचा आकडा जास्त दिसतो म्हणून तो एलईडी उचलला जातो, भिंतीवर टॉर्च मारायला तो चांगलाच आहे, पण चष्म्यात सपाट खिडकीचा, कमी ल्युमेनचा एलईडी त्याच करंटला जास्त उजळ चित्र देऊ शकतो. डेटाशीटमध्ये चिपचा आकार आणि घुमट आहे की नाही या दोन गोष्टी आधी बघा, ल्युमेन नंतर.

आता काळा. एआरमध्ये काळा म्हणजे पारदर्शक, त्यामुळे थोडासा जरी प्रकाश गळला तरी रात्री डोळ्यासमोर राखाडी पाटी लटकलेली दिसते. टीव्हीवर चालून जाणारा कॉन्ट्रास्ट इथे चालत नाही. गळती शोधायला एक स्वस्त युक्ती आहे जी फार कमी लोक करतात: पॅनल काढा आणि त्या जागी वरून चांदीचा थर असलेला साधा सपाट आरसा ठेवा. आरसा पोलरायझेशन फिरवत नाही, म्हणजे हा तुमचा आदर्श काळा. मग आरशावर क्वार्टर-वेव्ह फिल्म ४५ अंशात ठेवा (जाऊन-येऊन ती पोलरायझेशन ९० अंश फिरवते), हा आदर्श पांढरा. या दोघांचं गुणोत्तर म्हणजे तुमच्या ऑप्टिक्सचा कॉन्ट्रास्ट, पॅनलचा त्यात काही संबंध नाही. हाच आकडा जर कमी आला तर पॅनल बदलून काही होणार नाही.

आरशावरही काळा राखाडी दिसत असेल तर इल्युमिनेशनच्या वाटेत छोटी आयरिस (लहान-मोठं करता येणारं भोक) लावून हळूहळू बंद करा. गळती पटकन कमी झाली तर दोष तिरक्या किरणांचा आहे. काचेच्या क्यूबमधला पोलरायझेशन वेगळं करणारा मॅकनील प्रकारचा थर ठरावीक कोनाच्या आसपासच नीट चालतो, आणि जे किरण दोन्ही दिशांनी तिरके येतात त्यांचं पोलरायझेशन परत येताना थोडं फिरलेलं असतं. त्याला जुना आणि पक्का उपाय आहे, आरशासमोर किंवा पॅनलसमोर क्वार्टर-वेव्ह फिल्म, पण ४५ अंशात नाही, अक्ष पोलरायझरला समांतर. पॅनल परत बसवल्यावर तीच फिल्म एखाद-दोन अंश इकडेतिकडे फिरवून बघा, पॅनलच्या काळ्या अवस्थेत जो थोडा रिटार्डन्स (पोलरायझेशन बदलण्याचा गुण) उरतो तोही त्यात भागतो. नाहीतर वायर-ग्रिड (बारीक धातूच्या रेघांचा) पोलरायझर लावा, तो जास्त कोन झेलतो, त्याचं अ‍ॅल्युमिनियम थोडा प्रकाश खातं तेवढं सोसायचं.

आयरिस बंद करूनही गळती तशीच राहिली, किंवा एखाद्या कोपऱ्यातच जास्त असली, तर प्लास्टिकवर संशय घ्या. साच्यात ओतलेल्या लेन्समध्ये ताण उरतो आणि तो ताण पोलरायझेशन बिघडवतो. पॉलीकार्बोनेट यात सगळ्यात वाईट, सीओपी (सायक्लो-ऑलेफिन पॉलिमर) किंवा अ‍ॅक्रिलिक बरंच बरं. तपासायला जुन्या लॅपटॉपचा एलसीडी पांढरा करून ठेवा, त्यावर लेन्स ठेवा आणि वरून पोलरायझर फिल्मचा तुकडा असा फिरवा की स्क्रीन काळी होईल. चांगली लेन्स काळीच राहते, खराब लेन्समध्ये रंगीत पट्टे दिसतात, बहुधा जिथून प्लास्टिक साच्यात शिरलं त्या टोकाला. लेन्स सुटी असताना चांगली आणि बसवल्यावर खराब असेल तर स्क्रू जास्त आवळलाय किंवा यूव्ही गोंद आकसताना ओढतोय. पीबीएसला कधीही तिन्ही बाजूंनी गोंद लावू नका, एक बाजू मोकळी सोडा.

निळसर होण्याचं कारण सोपं आहे. लाल चिप वेगळ्या मालाची असते, अ‍ॅल्युमिनियम-इंडियम-गॅलियम-फॉस्फाइड, आणि तिला उष्णता अजिबात सोसत नाही. निळी आणि हिरवी गॅलियम नायट्राइडची, ती त्याच गरमीत फारशी ढळत नाहीत. म्हणजे तिन्ही एकाच तांब्याच्या पट्टीवर बसवले की निळा-हिरवा लालला भाजतात, लाल पडतो आणि पांढरा निळसर-हिरवट होतो, मग तुम्ही करंट वाढवता आणि तो आणखी पडतो. लालला शक्य तर वेगळी उष्णतेची वाट द्या. ते जमत नसेल तर रंग एकामागोमाग पेटतात त्यात त्याला वेळ जास्त द्या, तिन्ही रंगांना समान तृतीयांश द्यायलाच पाहिजे असा काही नियम नाही. आणि पीबीएसमधून जो नको असलेला प्रकाश बाजूला फेकला जातो तिथे एक फोटोडायोड (प्रकाश मोजणारा सेन्सर) चिकटवा, प्रत्येक रंगाचा उजेड तिथे फुकटात मोजता येतो आणि त्यावरून ड्रायव्हरला दुरुस्त करता येतं. नुसत्या थर्मिस्टरवर (तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर) आणि त्यावरून करंट ठरवणाऱ्या तक्त्यावर विसंबू नका, चिप जुनी झाली की तो तक्ता खोटा पडतो. हिरव्याची वेगळी तऱ्हा, त्याला दुप्पट करंट दिला तर दुप्पट प्रकाश येत नाही आणि वर त्याची तरंगलांबी निळ्याकडे सरकते, डिफ्रॅक्शनवाल्या (बारीक रेघांनी प्रकाश वळवणाऱ्या) वेव्हगाइडमध्ये तेवढ्यानेही रंगाचा डाग जागा बदलतो.

टायमिंगबद्दल थोडं. एलकॉसमध्ये बहुतेक ठिकाणी रंग एकामागोमाग एक दाखवतात, आणि लिक्विड क्रिस्टलला एका रंगाच्या चित्रातून दुसऱ्यात जायला वेळ लागतो. एलईडी त्याआधीच पेटला तर आधीच्या रंगाचं चित्र पुढच्या रंगात मिसळतं आणि सगळं धुतल्यासारखं फिकट दिसतं, लोक याला पण ब्राइटनेसचाच प्रॉब्लेम समजतात. बीपीडब्ल्यू ३४ सारखा साधा फोटोडायोड घ्या, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा, ऑसिलोस्कोपला जोडा आणि पूर्ण लाल स्क्रीन लावा. प्रकाश फक्त लालच्या वेळेत दिसला पाहिजे. पुढच्या रंगाच्या सुरुवातीला शेपूट दिसलं तर एलईडी थोडा उशिरा पेटवा. हे मोजमाप थंडीतही करा, कारण थंडीत लिक्विड क्रिस्टल घट्ट होतं आणि सावकाश हलतं, निफाडला डिसेंबरातल्या पहाटे चष्मा लावला तर एसीच्या लॅबमध्ये जुळवलेलं टायमिंग तिथे पुरणार नाही.

डोकं फिरवल्यावर अक्षरांच्या कडांना लाल-निळी झालर येते ती मात्र बिघाड नाही, या पद्धतीचा स्वभावच आहे. ६० फ्रेमला तीन रंग म्हणजे एका रंगाला ५.५६ मिलिसेकंद, डोकं सेकंदाला ६० अंश फिरलं तर तेवढ्यात एक तृतीयांश अंश सरकतं, आणि रे-बॅन डिस्प्लेसारखे अंशाला ४२ पिक्सेल असतील तर ते झाले १४ पिक्सेल. रंगांचा वेग दुप्पट केला की ७ होतात. त्याहून कमी करायचं तर प्रत्येक रंगासाठी डोक्याची ताजी स्थिती घेऊन चित्र सरकवायला लागतं, लेन्सने हे सुटत नाही.

फोटो काढून दाखवणाऱ्यांना एक विनंती, फोन ऑटोवर ठेवू नका. शटर १/३० ला लॉक करा, व्हाइट बॅलन्स लॉक करा, कॅमेरा डोळ्याच्या जागी ठेवा. नाहीतर शटर रंगांच्या मध्येच कुठेतरी कापतं, फोटोत पट्टे येतात आणि नसलेल्या आजारावर दोन दिवस जातात.

हे सगळं करूनही उन्हात चित्र दिसत नाही? मग आता खरा हिशोब करा. ०.२५ चौरस मिलिमीटरची चिप १० ल्युमेन देत असेल तर तिची ल्युमिनन्स साधारण १ कोटी २७ लाख निट्स (ल्युमिनन्सचं एकक) येते. एक तृतीयांश वेळ, अर्धं पोलरायझेशन, पॅनलचे ०.६, लेन्स वगैरेंचे ०.७ धरले की वेव्हगाइडच्या तोंडाशी ९ लाखांच्या आसपास निट्स पोचतात. वेव्हगाइड तो प्रकाश डोळ्यासमोरच्या मोठ्या जागेत पसरवतं, त्यात गळतीही असते, समजा ०.३ टक्केच डोळ्यापर्यंत आले तर २७०० निट्स. आता बाहेर बघा. भर उन्हात १ लाख लक्स, चुन्याने रंगवलेली भिंत ८० टक्के परत फेकते, म्हणजे २५ हजार निट्स, चष्म्याची काच ८५ टक्के पारदर्शक धरली तरी २१ हजारांवर तुमचे २७०० चढवायचेत. चित्र चढलेल्या भागाचं नुसत्या भिंतीशी गुणोत्तर १.१३, अक्षरं दिसणारच नाहीत. तोच चष्मा डांबरी रस्त्याकडे बघून लावा, डांबर १० टक्केच फेकतं, तिथे २७०० समोर २७०० येतात आणि मजकूर आरामात वाचता येतो. म्हणून कोणी नुसतं उन्हात चालतो किंवा चालत नाही असं सांगितलं की मी पहिल्यांदा विचारतो, कशाकडे बघत होता?

पांढऱ्या भिंतीसमोर करंट दुप्पट केला तरी गुणोत्तर फार तर १.२५ च्या आसपास जातं, आणि काच २० टक्केच प्रकाश आत सोडेल इतकी काळी केली की एक मिलीअँपियरही न वाढवता दीडच्या वर. रे-बॅन डिस्प्ले ५००० निट्सपर्यंत जातो तरी त्याला उन्हात काळी होणारी काच दिलीये, मॅजिक लीप २ मध्ये काच विजेवर गडद करता येते, पहिल्या होलोलेन्सला तर काळसर व्हायझरच होता, हे काय उगाच नाही.

शेवटचा एक उपाय फर्मवेअरवाल्यांसाठी. एलकॉसमध्ये कोपऱ्यात दोन शब्द दाखवायचे असले तरी पूर्ण पॅनल उजळावं लागतं, बाकीचा प्रकाश फेकून दिला जातो. प्रत्येक फ्रेममध्ये प्रत्येक रंगाचा सगळ्यात मोठा आकडा शोधा, निळा कुठेच ४० टक्क्यांच्या वर नसेल तर निळा एलईडी ४० टक्क्यांवर आणा आणि पिक्सेलचे आकडे त्या प्रमाणात वाढवा. चित्र तेच दिसतं, वीज वाचते, काळ्यातली गळतीही तेवढीच उतरते. बदल एकदम करू नका, काही फ्रेममध्ये पसरवा, नाहीतर नोटिफिकेशन आलं की मागची राखाडी पाटी लुकलुकते. आणि डिझाइनवाल्यांना सांगा की पांढऱ्या चौकटीत काळी अक्षरं हा प्रकार चष्म्यात बंद, हिरवट-पांढरी अक्षरं नुसती हवेत सोडा, पूर्ण पांढरा फक्त बाणाला किंवा नकाशावरच्या खुणेला ठेवा.